दाराच्या फटीतला उजेड

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न जोडले आहेत.)

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला बाहेर विचारलं, "सर, हे रूपक आहे ना?" फटीतला उजेड म्हटल्यावर काहीतरी ज्ञान, अज्ञान, माया असं निघणार अशी त्यांची अपेक्षा. तर आधीच सांगतो, रूपक नाही. मी खरोखरच दाराबद्दल बोलणार आहे. बेडरूमचं दार, त्याच्या कडेच्या फटी, त्यातून आत येणारा उजेड, आणि दार न बिघडवता तो कसा थांबवायचा. तत्त्वज्ञान येईल थोडं, पण ते कामापुरतं. चाळीस वर्षं शिकवलं, तेव्हा एवढी सवलत द्या. (हशा)

विषय सुचला तो घरातून. माझ्या पत्नीला मायग्रेन आहे. आमच्या लग्नाच्या आधीपासून आहे. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना वेगळं सांगायला नको. डोकं दुखतं हे त्याचं अर्धंच वर्णन झालं. उजेड सहन होत नाही हे दुसरं अर्ध. दुखणं चढलं की ती आतल्या खोलीत जाते, दार लावते, पडदे ओढते, आणि सहा तास, कधी दोन दिवस, तिला फक्त अंधार हवा असतो. गोळीइतकाच. डोळे मिटले की झालं, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. तसं नसतं. पापणी म्हणजे भिंत नव्हे, पातळ कातडी आहे. तिच्यातून उजेड झिरपतो.

आणि डोळ्याचं काम केवळ पाहण्याचं नाही, हेही आता कळलेलं आहे. पडद्यावर शंकू आणि दंड अशा दोन प्रकारच्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकलो. या शतकाच्या सुरुवातीला तिसऱ्या एका प्रकारच्या पेशी उजेडाला थेट प्रतिसाद देतात हे सिद्ध झालं. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, आणि निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपास, त्या सर्वांत जास्त जाग्या होतात. त्या चित्र काढत नाहीत, फक्त 'उजेड आहे' एवढं मेंदूला कळवतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की मायग्रेनच्या ज्या अंध रुग्णांना आकृती दिसत नाहीत पण उजेडाची जाणीव होते, त्यांचंही डोकं उजेडाने जास्त दुखतं. ज्यांना उजेडाची जाणीवही उरलेली नाही, त्यांचं तसं होत नाही. हे वाचलं त्या दिवशी मला ओशाळं वाटलं. "अगं, एवढासा तर उजेड आहे" हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन त्याचा हिशोब नाही.

आता दार. हे साधं फ्लॅटमधलं फ्लश डोअर असतं तर हे व्याख्यान झालंच नसतं. दार तिच्या माहेरचं आहे. वाईला त्यांचा वाडा होता, तो पाडला तेव्हा भावंडांनी एकेक वस्तू घेतली. कोणी झोपाळा घेतला, कोणी तांब्याचा बंब. हिने माजघराचं दार मागितलं. सागवानी, दिल्ह्यांचं, पितळी कडीचं. पुण्याच्या आमच्या घरात ते बेडरूमला बसवलं. चौकट मात्र इथं नवी केली. जुनी चौकट भिंतीतून निघताना फुटली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे. दार माहेरचं, चौकट आपली.

आणि अट पहिल्या दिवशीच सांगून ठेवलेली: "अहो, काय करायचं ते करा. पण माझ्या दाराला खिळा मारायचा नाही, डिंक लावायचा नाही, रबराच्या झालरी लावायच्या नाहीत." म्हणजे ज्या व्यक्तीला अंधार हवा, तीच अंधाराच्या आड. मी कुरकुरलो. पण विचार केला तर तिचं बरोबर होतं. दुखणं महिन्यातून चार दिवस, दार रोज दिसतं.

मी काय काय चुका केल्या ते आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्मे त्याच करणार.

पहिली चूक, स्पंजाची पट्टी. हार्डवेअरच्या दुकानात पांढरी, मागे चिकट कागद असलेली पट्टी मिळते. स्वस्त. ती चौकटीला लावली. पहिले आठ दिवस छान. मग दाराच्या दाबाने ती बसली, म्हणजे चपटी झाली ती पुन्हा उठलीच नाही. शिवाय पांढरी. उजेड थांबवायला पांढरी पट्टी लावणं म्हणजे चोर पकडायला चोराचा भाऊ ठेवणं. ते का, ते पुढे सांगतो. उन्हाळ्यात गोंद वितळून चौकटीवर चिकट रेघ राहिली ती वेगळीच.

दुसरी चूक जास्त महाग पडली. एका जुलैत दार घासायला लागलं. लाकूड पावसाळ्यात हवेतला ओलावा घेतं आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं. उंचीत जवळजवळ फरक पडत नाही, रुंदीत पडतो. साग इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो, पण फुगतो. आम्ही ओळखीचे मिस्त्री बोलावले, त्यांनी कडेवर रंधा मारला, दार लोण्यासारखं बंद व्हायला लागलं. सगळे खूश. जानेवारीत लाकूड आक्रसलं आणि कडीच्या बाजूला जी फट सुईएवढी होती तिथं पेन्सिल जाऊ लागली. मिस्त्रींचा दोष नाही, मीच घाई केली. दार पावसाळ्यात घासत असेल तर दोन महिने घासू द्यावं, साबण किंवा मेणबत्ती चोळावी. रंधा मारायचाच तर कोरड्या दिवसांत, आणि तोही जिथं घासल्याची खूण आहे तिथंच. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. हिने मला ते अजून माफ केलेलं नाही.

तिसरी चूक तात्त्विक. म्हणून आता पाच मिनिटं माझ्या गल्लीत चला.

आपल्याकडे एक फार जुना वाद आहे: तम, म्हणजे अंधार, ही वस्तू आहे का? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, आहे, ते द्रव्यच आहे. का? तर त्याला रंग दिसतो, काळा. आणि ते हलतं. दिवा घेऊन चालू लागा, सावली सरकते. ज्याला गुण आहे, क्रिया आहे, ते द्रव्य. वैशेषिक आणि नैयायिक म्हणतात, छे. अंधार म्हणजे तेजाचा अभाव, दुसरं काही नाही. हलतो तो दिवा, सावली हलल्याचा भास होतो. प्राभाकरांचं आणखी तिसरंच. त्यांच्या मते उजेडाचं ज्ञान न होणं यालाच आपण अंधार म्हणतो. एम.ए.च्या वर्गात हा वाद शिकवताना मुलं जांभया द्यायची. यातून मिळतं काय, असा त्यांचा चेहरा.

मिळतं ते असं. मी मीमांसकासारखा वागत होतो. अंधार ही जणू वस्तू आहे आणि ती दुकानातून आणून खोलीत भरायची आहे असं. जाडे पडदे आणले, पट्ट्या आणल्या, आणखी अंधार हवा म्हणून आणखी सामान. नैयायिक काय म्हणतो? अभाव म्हणजे नुसता 'अभाव' कधीच नसतो. प्रत्येक अभावाला प्रतियोगी लागतो, म्हणजे कशाचा अभाव ते सांगावं लागतं. आणि अधिकरण लागतं, म्हणजे कुठे अभाव ते सांगावं लागतं. 'जमिनीवर घट नाही' यात घट हा प्रतियोगी, जमीन हे अधिकरण. दोन्ही सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

आता हाच प्रश्न दाराला विचारा. कुठल्या उजेडाचा अभाव हवा आहे? हॉलच्या ट्यूबचा? जिन्यातल्या दिव्याचा? स्वयंपाकघरातल्या खिडकीचा? आणि कुठे हवा आहे? सगळ्या खोलीत? नाही. तो हवा आहे उशीवर. दीड फुटाच्या जागेत.

एवढं ध्यानात आल्यावर मी एक गोष्ट केली जी इतक्या वर्षांत केली नव्हती. रात्री नेहमीप्रमाणे हॉलमधला माझा वाचायचा दिवा लावला, खुर्चीवर पुस्तक ठेवलं, आत आलो, दार लावलं, आणि तिच्या जागेवर, तिच्या उशीवर डोकं ठेवून पडलो. मी भिंतीकडच्या बाजूला झोपतो. तिची बाजू दाराकडची. लग्नानंतर ती बाजू तिला कशी मिळाली ते आठवत नाही. रात्री मुलांसाठी उठावं लागायचं म्हणून असेल.

लगेच काही दिसत नाही, हे सांगून ठेवतो. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यातले दंड पुरते जागे व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणून फटी तपासायच्या तर घाई करू नका. पडून राहा. मी पडलो. दहाएक मिनिटांनी दाराच्या तिन्ही कडांना पुसट रेघ दिसू लागली. जिच्यासाठी मी पट्ट्या आणल्या होत्या तीच. पण ती खरोखर पुसट होती. आणि खाली, जमिनीवर, दाराखालच्या फटीत एक ठिपका होता. रेघ नव्हे, ठिपका. पिवळट पांढरा, झगझगीत, सरळ डोळ्यात येणारा. मान चार इंच हलवली की तो नाहीसा व्हायचा. मान परत आणली की हजर.

तो माझा दिवा होता. फरशीतलं त्याचं प्रतिबिंब.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टी आणि टेप घेऊन बसलो. गणित सोपं आहे, ऐका. दिव्याचा बल्ब जमिनीपासून दोन फुटांवर, दारापासून साडेसहा फुटांवर. उशी जमिनीपासून दोन फुटांवर, दारापासून आतल्या बाजूला साडेसहा फुटांवर. आरशाचा नियम, जितक्या कोनात किरण येतो तितक्याच कोनात परत जातो. मग दिव्यापासून निघालेला आणि उशीपर्यंत पोचणारा किरण जमिनीला कुठे टेकणार? बरोबर मध्ये. म्हणजे नेमका दाराखाली. जमिनीशी त्याचा कोन साधारण सतरा अंश. फट आमची बारा मिलिमीटर, दाराची जाडी पस्तीस. चकचकीत फरशीवर आपटून या बोळातून पलीकडे जायला चौतीस अंशांपर्यंतच्या किरणाला मोकळी वाट आहे. सतरावाला तर आरामात जातो. शिवाय गुळगुळीत फरशीवर समोरून उजेड टाकला तर ती आरशासारखा परत फेकते तो शेकडा चार भाग, पण इतक्या आडव्या कोनात आला तर वीसएक. दिव्याला शेड होती, पण शेड वरून आणि कडेने झाकते. खालून बल्ब उघडाच.

थोडक्यात, रोज रात्री मी एका आरशाच्या या टोकाला वाचत बसत होतो आणि ती त्या टोकाला झोपायचा प्रयत्न करत होती. पट्ट्या मी तिन्ही बाजूंना लावल्या होत्या, चौथी सोडून.

उपाय काय केला? दिवा एक फूट सरकवला आणि दाराबाहेर गडद रंगाची सुती सतरंजी टाकली. बस. दाराला हातही लावला नाही. आमचं दार आत उघडतं, त्यामुळे बाहेरची सतरंजी अडत नाही. ती मी थोडी आत, दाराच्या जाडीखाली येईल अशी सरकवली. सतरंजीची जाडी सहा मिलिमीटर, म्हणजे फट निम्मी झाली आणि आरसा झाकला गेला. खाली रबरी जाळी ठेवली, म्हणजे ती घसरत नाही. आमच्या वयात पाय घसरणं हे मायग्रेनपेक्षा वाईट. याच कारणासाठी दाराखाली दगडी उंबरा बसवायचा विचार सोडून दिला. ठेच लागण्याची भीती.

आता उरलेल्या तीन बाजू. इथं पांढऱ्या पट्टीचा मुद्दा येतो. चौकटीला खाच असते, दार त्या खाचेत टेकतं. म्हणजे बाहेरून आत सरळ रेषेत वाट नाही, एक वळण आहे. मग उजेड येतो कसा? आपटत येतो. भिंतीवरून चेंडू येतो तसा, खाचेच्या एका बाजूवर, मग दुसऱ्यावर, मग आत. आता पांढरा तैलरंग पडलेल्या उजेडातला सुमारे ऐंशी टक्के परत फेकतो. दोनदा आपटला तरी चौसष्ट टक्के शिल्लक. तेच पृष्ठ काळं आणि खरखरीत असेल, पाच टक्केच परत फेकणारं, तर दोन आपटींनंतर उरतो पाव टक्का. फट तेवढीच. काहीही बंद केलेलं नाही. हवा येते-जाते. उजेड मात्र वाटेत मरतो.

ज्यांनी जुन्या फोटो स्टुडिओतली डार्करूम पाहिली असेल त्यांना हे नवीन नाही. काही डार्करूमना दारच नसायचं. आत जायला नागमोडी बोळ, भिंती काळ्या कुळकुळीत. माणूस चालत आत जाई, उजेडाला ते जमत नसे. फिल्मचा कॅमेरा आठवा. त्याचं मागचं झाकण म्हणजे दारच, आणि ते जगातलं सर्वांत कडक दार, कारण आत फिल्म आहे. तिथं काय असे? काठाला खोबण, झाकणाची जीभ त्या खोबणीत बसे, आणि खोबणीत काळा धागा किंवा काळा स्पंज. तो स्पंज जुना होऊन चिकट भुगा झाला की फोटोवर उजेडाचे पट्टे यायचे. माझ्या कॅमेऱ्यात झालं होतं ते. एका सहलीची पूर्ण फिल्म गेली.

तर चौकट आपली आहे, हे आता आठवा. दाराला न शिवता जे करायचं ते सगळं चौकटीवर. खाचेच्या आतल्या, दार बंद असताना न दिसणाऱ्या बाजूंना गडद तपकिरी, चमक नसलेला रंग दिला. काळा दिला नाही, कारण दार उघडं असताना सागाच्या शेजारी काळी रेघ डोळ्याला टोचते. तपकिरीने थोडं कमी काम होतं, पण चौकट चौकटीसारखी दिसते. जिथं दार टेकतं त्या पाठीवर तपकिरी फेल्टची पट्टी, कडीच्या बाजूला आणि वर दोन मिलिमीटरची, बिजागरीच्या बाजूला एकच मिलिमीटरची. हा फरक महत्त्वाचा. बिजागरीकडे जाड पट्टी लावली तर दार बंद होताना ती पाचरीसारखी काम करते, दार परत उसळतं, आणि हळूहळू बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. लोक म्हणतात पट्टी लावल्यावर दार वाकलं. दार नाही वाकत, बिजागरी ओढली जाते. आणि पट्टी लावायच्या आधी कडी लागते ना ते पाहा. दोन मिलिमीटरने कोयंडा चुकतो. आमचा चुकला. तोही चौकटीवरच होता, म्हणून कोयंडा सरकवला, दाराची पितळी कडी आहे तशी राहिली.

मग राहिले दिल्हे. जुन्या दिल्ह्यांच्या दारात मधली फळी चौकडीच्या खोबणीत मोकळी बसवलेली असते. मुद्दाम मोकळी. ऋतूप्रमाणे ती फुगते, आक्रसते, तिला जागा हवी. कोरड्या दिवसांत ती आक्रसली की काठाने उजेडाची एक तार दिसते. इथं बहुतेक जण लांबी भरतात. भरू नका. ती कडक होते, पावसाळ्यात फळी फुगली की एक तर लांबी फुटते, नाहीतर फळी चिरते. मग काय करायचं? ही सूचना माझी नाही, तिची. मधमाश्यांच्या मेणात चिमूटभर तपकिरी रंग घालायचा, मऊ करून बोटाने भरायचा, चमच्याच्या पाठीने चोळायचा, वरचं फडक्याने पुसायचं. मेण लवचिक राहतं, फळीबरोबर हलतं, आणि उद्या नको झालं तर काढता येतं. मी म्हटलं, "अगं, हे कुठे शिकलीस?" तर म्हणाली, आजी दर दिवाळीला देवघराच्या दाराला करायची. खिळा नको, डिंक नको, रबर नको म्हणाली होती. मेण नको असं नव्हती म्हणाली. एका दुपारी आम्ही दोघांनी मिळून चारही दिल्हे भरले. एक जण हॉलच्या बाजूने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने आतून बोट ठेवायचं. "इथं", "इथं नाही, खाली", असं.

किल्लीचं भोक राहिलं होतं. त्याला झाकणी शोधत दोन बाजार फिरलो. शेवटी किल्लीच आतून लावून ठेवली. भोक बंद.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, आणि मग तुमचे प्रश्न घेतो.

एक, हवा. दाराखालची फट ही काही सुताराची हयगय नव्हे. एसी लावून खिडक्या बंद केलेल्या खोलीत ताजी हवा येण्याची तीच वाट असते. म्हणून मी सगळीकडे उजेड अडवला, फट बुजवली नाही. आणि गॅसचा गीझर असलेल्या न्हाणीघराच्या दाराला किंवा झरोक्याला यातलं काहीही करू नका. गॅस जळायला हवा लागते, ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. हे मी विनोदाने सांगत नाहीये.

दोन, पूर्ण अंधारही धोक्याचा. म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा उठावं लागतं. आम्ही पलंगाखाली, जमिनीलगत, अगदी मंद लाल दिवा ठेवला आहे. लाल उजेड मघाशी सांगितलेल्या त्या तिसऱ्या पेशींना फारसा जाग आणत नाही, आणि अंधाराला सरावलेले डोळेही फारसे बिघडत नाहीत. पाय कुठे टाकायचा एवढं कळतं.

प्रश्न: सर, बाजारात दाराखाली सरकवायच्या दोन गुंडाळ्यांच्या कापडी पट्ट्या मिळतात. त्या का नाही वापरल्या?

वापरल्या. उजेड उत्तम अडतो. त्यांची तक्रार एवढीच की दाराबरोबर त्या फरशीवर घासत फिरतात, केर गोळा करतात, आणि पावसाळ्यात ओल्या पायांनी चिकट होतात. भाड्याच्या घरात असाल, दार साधं असेल, तर जरूर घ्या. फक्त गडद रंगाची घ्या.

प्रश्न: दार बंद झालं की आपोआप खाली उतरणारी पट्टीही असते म्हणे?

असते. दाराच्या खालच्या कडेत खोबण करून ती बसवतात. दार लागताना बिजागरीच्या बाजूचं एक बटण चौकटीवर दाबलं जातं आणि पट्टी फरशीपर्यंत उतरते. बंद दारात दिसत नाही, उघडताना घासत नाही. माझ्या मते दिसण्याच्या दृष्टीने सर्वांत चांगली तीच. नवं दार करून घेत असाल तर मिस्त्रींना आधीच सांगा. मात्र ती हवाही अडवते, तेव्हा खोलीला दुसरा झरोका हवा. आमच्याकडे प्रश्न निराळा. माहेरच्या दाराच्या तळाला करवत लावू का, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

प्रश्न: राग मानू नका, पण तुम्ही दिवा बंद करून लवकर का नाही झोपलात?

(हशा) हा प्रश्न तिने १९८० सालापासून विचारला आहे. मला रात्री बारापर्यंत वाचल्याशिवाय झोप येत नाही, हे खरं कारण. वाचायची जागा बदलता आली असती, हेही खरं. स्वयंपाकघरात बसून पाहिलं चार दिवस. पण दुखणं चढलेल्या रात्री तीच म्हणते की तुम्ही दाराबाहेर आहात हे कळलेलं बरं असतं. पान उलटल्याचा आवाज येतो, तो चालतो. उजेड नको.

प्रश्न: सतरंजीनंतर फरक पडला का?

मायग्रेन थांबलं नाही, दारं मायग्रेन बरं करत नाहीत. पण त्या पहिल्या रात्री तिने आतून विचारलं, "अहो, झोपलात का? दिवा दिसत नाही तुमचा." मी म्हटलं, वाचतोय. मग आतून काही आवाज आला नाही.